मास्तरणीचे डोळे

“हिला हसू देऊ नका,” तो म्हणाला. “हसली की माणसासारखी दिसते.”

मी स्क्रीनवरून मान वर केली. बाहेर ढग, आत ट्यूबलाइट, आणि हा माणूस गॉगल लावून उभा. तोही डोळ्यांवर नाही, कपाळावर. मी मनातल्या मनात त्याचं नाव गॉगल ठेवून मोकळी झाले.

“म्हणजे नक्की काय करायचं?”

“भीती वाटली पाहिजे, बाई. लहान पोरं रडली पाहिजेत पोस्टर बघून.”

“लहान पोरांना मत असतं का?”

काउंटरमागून फोटो स्टुडिओचे मालक खोकले. गेली अठ्ठावीस वर्षं मला गप्प करायचं असलं की आमच्या मालकांना खोकला येतो. एरवी छाती ठणठणीत आहे त्यांची.

फोटो त्या मास्तरणीचा होता. आमच्या शहरात महापौर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, आणि यंदा बावीस वर्षं सरकारी शाळेत गणित शिकवलेली एक बाई उभी होती. तिने उभं राहायला कोणाची हरकत नव्हती. दर निवडणुकीला कोणी ना कोणी भाबडं उभं राहतं आणि पडतं. पण हिच्या सभांना गर्दी व्हायला लागली. ती म्हणत काय होती, तर तीन वर्षं कोणत्याही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही, बसला तिकीट नाही, आणि जे फ्लॅट नुसते कुलूप लावून ठेवलेत त्यांच्यावर कर. बस, इतकंच. पण तेवढ्यानेच शहरातल्या बड्या लोकांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी मिळून ‘शहर वाचवा’ नावाची समिती काढली. शहर म्हणजे ते स्वतः, हे वेगळं सांगायला नको. गॉगल त्या समितीचा प्रचारप्रमुख होता.

बडे घाबरले ते मी समजू शकते. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण आमच्या मालकांनी का घाबरावं? दुकान भाड्याचं, राहतं घर भाड्याचं, स्कूटर मेव्हण्याची. तरी रोज सकाळी शटर वर करताना म्हणायचे, “ही बाई आली की शहर बुडालं.” मी एकदा विचारलं, “पण तुमचं काय बुडणार आहे?” तर म्हणाले, “बाई, प्रश्न तत्त्वाचा आहे.” ज्याच्या नावावर एक खिडकी नाही, तो दुसऱ्याच्या रिकाम्या फ्लॅटच्या काळजीने वाळत चालला होता. अशा लोकांना काय म्हणायचं? पालथ्या घड्यावर पाणी.

माझं काम टचिंगचं, म्हणजे फोटोतले चेहरे सुधारून द्यायचं. आमच्या धंद्यात फोटो काढणारा मोठा, छापणारा मोठा, आणि टचिंगवाली म्हणजे मागच्या खोलीत बसलेली कोणीतरी बाई. पण माझ्या हाताखालून गेला नाही असा चेहरा या भागात शोधून दाखवा. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चालायची, सुईसारखं टोक काढलेली. मग ब्रश आला, आता कॉम्प्युटर. माणसं तीच. जगात कोणालाही स्वतःचा फोटो नको असतो. सगळ्यांना आपल्याहून दहा वर्षांनी लहान, रंगाने उजळ आणि अंगाने बारीक अशा कोणा नातेवाइकाचा हवा असतो, आणि खाली नाव आपलं. ते मी त्यांना देते. एका गृहस्थांनी पासपोर्टच्या फोटोत केस वाढवून मागितले होते. विमानतळावर अडवलं तर काय कराल, म्हणून विचारलं, तर म्हणाले, टोपी घालीन.

खरी मेख केसांत नसते आणि रंगातही नसते. ती डोळ्यांत असते. बुबुळाच्या वरच्या अंगाला, जिथे दिव्याचा किंवा खिडकीचा पांढरा ठिपका पडतो, तिथे. मोहरीहूनही लहान. तो असला की फोटोतला माणूस तुमच्याकडे बघतो. नसला की नुसते डोळे उघडे असतात, आत कोणी नसतं. गेलेल्या माणसाचा पुसट फोटो मोठा करून द्यायचा असला की मी सगळ्यांत शेवटी तो ठिपका ठेवते. फोटो न्यायला आलेली माणसं रडतात आणि म्हणतात, काय छान आलाय फोटो. छान आला म्हणे! असल्या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगायच्या नसतात.

आता घरचं सांगते, नाहीतर माझा निर्लज्जपणा तुमच्या पुरता लक्षात यायचा नाही. गॉगल दुकानात आला त्या दिवशी माझ्या पर्समध्ये घरमालकाची नोटीस होती. आमची इमारत पाडून त्याला टॉवर बांधायचा होता. तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही दोघी बहिणी एकतीस वर्षं राहत होतो. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. का, ते विचारू नका, ती वेगळी गोष्ट आहे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचे गुडघे गेलेत, पण त्या खोलीत ती भिंतीला हात लावत लावत सगळं करायची, स्वयंपाक, धुणं, खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा. खोली गेली तर पुढे काय, तेही ठरून गेलं होतं. ताई मधल्या बहिणीच्या मुलाकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या हॉलमधल्या दिवाणावर. मी नोकरदार बायकांच्या वसतिगृहात, एका कॉटवर. भाच्याने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, “मावशी, एकीचं जमेल. दोघींचं नाही जमणार.” खोटं का बोला, त्याचंही घर केवढंसं.

मास्तरीण आली तर नोटीस रद्द. नाही आली तर ताई तिकडे आणि मी इकडे. पहिलीतल्या पोराला समजेल असं गणित होतं.

आणि तरी मी ते काम घेतलं. मालक म्हणाले, “आपण नाही केलं तर दुसरा कोणीतरी करीलच.” जगातली सगळी घाणेरडी कामं याच वाक्यावर चालतात. मी मान हलवली.

पहिल्यांदा भलतंच झालं. मी मुद्दाम केलं नाही, उगाच मला मोठेपणा देऊ नका. गॉगलने आणलेला फोटो मास्तरणीच्या सभेतला होता. तोंड उघडं, केस विस्कटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. मी तो मोठा केला. डोक्यात नोटीस, वसतिगृह, ताईचे गुडघे असं चालू होतं, आणि हात आपले चालत होते. अठ्ठावीस वर्षांची सवय ती. डोळ्यांखाली काळं दिसलं की हात पुसतात. कपाळावर बट आली की बाजूला सारतात. शिरा मऊ झाल्या, दात एका ओळीत आले, गालावर थोडा उजेड पडला. “झालं का?” मालकांनी विचारलं. “झालं,” मी म्हटलं. त्यांनी चष्मा न लावता बघितलं आणि छापायला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात नमुन्याची चाळीस पोस्टरं लागली. वर लाल अक्षरांत ‘हिच्यापासून शहर वाचवा’, आणि खाली मास्तरीण अशी, की साबणाच्या जाहिरातीतून आत्ता उठून आली. माणसं थांबून बघायला लागली. कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणाला, “हिच्यापासून कशाला वाचवायचं? चांगली तर दिसते.” मास्तरणीच्या प्रचाराची मंडळी त्या पोस्टरसमोर उभी राहून फोटो काढत होती, हसून हसून मुरकुंडी वळत होती त्यांची. काही पोस्टरं तर लोकांनी काढून घरी नेली.

गॉगल आला तो तणतणतच. “हा प्रचार आमचा चाललाय की तिचा?”

मालकांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. अठ्ठावीस वर्षांत चांगल्या कामाच्या वेळी ते बोट कधी माझ्याकडे वळलं नव्हतं.

“चूक झाली,” मी म्हटलं. “सवयीने झालं.”

“सवयीने!” गॉगल म्हणाला. “लग्नातल्या नवऱ्या गोऱ्या करण्यापलीकडे तुम्हाला येतं काय? जाऊ दे. माझा पुतण्या आहे, मोबाइलवर दोन मिनिटांत करून देईल. असल्या जुन्या लोकांच्या नादी लागलो हेच चुकलं.”

करू दे की पुतण्याला. एवढंच म्हणायचं होतं मला. पुतण्याने शिंगं काढली असती, डोळे लाल केले असते, दातांतून रक्त सोडलं असतं. लोक हसले असते आणि विसरले असते. माझं घर, माझी बहीण, सगळं त्या पुतण्याच्या अडाणीपणावर सुखरूप राहिलं असतं.

पण माझं नाक मध्ये आलं. दोन मिनिटांत म्हणे! मोबाइलवर म्हणे!

“द्या इकडे,” मी म्हटलं. “आणि बसा तिथे जरा वेळ.”

पोटासाठी केलं, नोकरी जाईल म्हणून केलं, असं नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं. साफ खोटं आहे. नोकरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मला फक्त त्या न बघितलेल्या पुतण्याला दाखवून द्यायचं होतं. जगात मूर्ख पुष्कळ बघितले, त्यातला एक माझ्या आरशात राहतो.

मी दुसराच फोटो घेतला. साधा, शांत, समोर बघणारा, शाळेत काढलेला असावा. रंग बदलला नाही. दात, नख, शिंग काही नाही. ओठांच्या कोपऱ्यांत केसभर सावली दिली. भुवया दोऱ्याइतक्या खाली आणल्या. खालच्या पापणीखाली किंचित काळं, पण आजारी माणसाचं नव्हे, न झोपता कोणावर तरी डूख धरून बसलेल्या माणसाचं. मग डोळा मोठा केला, इतका की सगळ्या स्क्रीनवर एकच बुबुळ. त्यात ठिपका होता. खिडकीचा होता, चौकोनी, मध्ये गजाची बारीक रेघ. वर्गाची खिडकी असेल. मी तो पुसला. मग दुसऱ्या डोळ्यातला पुसला.

गॉगल माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मग कपाळावरचा गॉगल काढून त्याने हातात घेतला.

“काय केलंत काय हिला?”

“फार काही नाही.”

“नाही, पण... बघवत नाही हो तिच्याकडे.”

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, आणि मला आनंद झाला. मालकांनी त्या दिवशी माझ्यासाठी चहाबरोबर बिस्किटं मागवली आणि मी ती खाल्ली.

आठवड्याभरात ती पोस्टरं शहरभर झाली. बसस्टॉपवर, पुलांच्या खांबांवर, दवाखान्याच्या कुंपणावर, आमच्या खिडकीसमोरच्या भिंतीवरसुद्धा. आणि लोकांची अक्कल, काय सांगावं! बसच्या रांगेत एक बाई तासभर उभी होती, एका बसमध्ये चढायला मिळालं नाही म्हणून दुसरीची वाट बघत. तीच मला सांगत होती, “फुकट बस देणार म्हणे. फुकटाचं काय चांगलं असतं का?” दवाखान्यात बापाच्या दोन दुकानांवर बसलेला एक गृहस्थ म्हणत होता, कष्टाशिवाय मिळालेलं माणसाला पचत नाही. त्याला पचलं होतं, पोट दिसतच होतं. आमच्या गल्लीतला एक जण तर म्हणाला, “माझ्या मुलाला हिने गणितात नापास केलं होतं. तेव्हाच मी ओळखलं होतं, बाई धोकादायक आहे.” मुलगा आता समितीची पत्रकं वाटत होता. उलटी धरून.

ती काय करणार, कसं करणार, पैसा कुठून आणणार, असं विचारणारे थोडे होते. ते प्रश्न बरोबरच होते, आणि मास्तरीण प्रत्येक सभेत फळा मांडून त्यांची उत्तरं द्यायची. पण फळा बघतो कोण? “ते सगळं ठीक आहे हो,” लोक म्हणायचे, “पण बाई बरी वाटत नाही. चेहराच सांगतो.” मग ती टीव्हीवर आली, हसली, तरी लोकांना तिच्या चेहऱ्यात मी केलेला चेहराच दिसायला लागला. एका सभेत कोणीतरी तिच्या अंगावर शाई फेकली. दुसऱ्या दिवशी समितीच म्हणाली, ही बाई शहरात भांडणं लावते. चोराच्या उलट्या बोंबा!

आमच्या समोरच्या खोलीत शिवणवाली राहते. कपडे लहानमोठे करून देते, नवरा परगावी, मशीन दारातच. तिलाही नोटीस आली होती. ती मास्तरणीच्या प्रचारात होती. सकाळी शिवायची आणि दुपारी घरोघर जायची. मतदानाला चार दिवस होते तेव्हा ती पत्रकं घेऊन आमच्याकडे आली. केसांत दोऱ्याचे तुकडे तसेच.

“मोठ्या मावशी,” ती ताईला म्हणाली, “तुम्हाला मतदानाला न्यायला मी येईन. खुर्ची आणीन. तुम्ही फक्त हो म्हणा.”

ताई खिडकीजवळ शेंगा सोलत होती. “येईन की. पण त्या बाईला नाही हं देणार मी मत.”

“अहो असं काय करता! ती नाही आली तर आपण रस्त्यावर.”

“असेल बाई. कागदावरचं मला कळत नाही. पण डोळे बघितलेस का तिचे? रोज खिडकीतून समोर दिसते. डोळ्यांत माया म्हणून नाही गं. अशा माणसाच्या हातात शहर द्यायचं?”

“फोटो आहे तो! मी तिला भेटलेय ना, माझ्या इथे बसून चहा प्यायली ती. तुमच्यासारखी साधी आहे.”

“भेटताना सगळेच साधे असतात. फोटो खोटं बोलत नाही. आमच्या धाकटीला विचार, तिचा जन्म गेला त्यात. काय गं?”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी ताटातल्या शेंगांतली एक उचलली.

तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर ताई चिडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि पाचव्या दिवशी मास्तरणीला मत देऊन आली असती. एक मत. एका मताने काय होतं, असं मी मनाशी म्हटलं. हेही वाक्य मालकांच्या त्या ‘दुसरा कोणीतरी करीलच’चंच भावंड आहे, जगातली उरलेली घाणेरडी कामं या वाक्यावर चालतात.

“मला काय कळतंय राजकारणातलं,” मी म्हटलं.

शिवणवालीने पत्रक खिडकीत ठेवलं. “विचार करा मोठ्या मावशी,” म्हणाली आणि पुढच्या दाराकडे गेली. त्या पत्रकावरच ताईने शेंगांची टरफलं टाकली.

मतदानाच्या दिवशी ताईला खुर्चीत बसवून आम्ही दोघींनी नेलं, एका बाजूने शिवणवाली, एका बाजूने मी. वाटेभर तिने मताचा विषय काढला नाही. ताईने मत दिलं, मी दिलं. माझं मास्तरणीलाच दिलं, ते सांगायला नको. आधी हात तोडायचे आणि मग मलमपट्टी करायला धावायचं.

मास्तरीण पडली. थोडक्यात वगैरे नाही, चांगली पडली. आमच्या केंद्रावर, जिथे चार इमारतींना नोटिसा आल्या होत्या, तिथेही ती मागेच होती. निवडून आला तो समितीचा माणूस. त्याचं नाव आमच्या गल्लीत निम्म्यांना माहीतही नव्हतं. सगळे जिंकल्यासारखे नाचले. काय जिंकलं, ते महिन्याभरात कळलं. घरमालकाचा माणूस आला, तारीख सांगून गेला. बसचं तिकीट वाढलं. आमच्या दुकानाच्या गाळ्याचं भाडं असं वाढलं की मालकांना खराच खोकला लागला. मी म्हटलं, “प्रश्न तत्त्वाचा आहे.” संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी मागच्या खोलीतून कागदांचा एक जाड गठ्ठा आणून दिला.

“सामान बांधायला कागद लागेल ना बाई? पडून आहेत नुसते. घेऊन जा.”

उरलेली पोस्टरं होती ती. मी घेतली. कागद चांगला जाड होता आणि कपबशा तर गुंडाळायच्याच होत्या.

शेवटच्या रविवारी आम्ही दोघी जमिनीवर बसून बांधाबांध करत होतो. एक ढीग भाच्याकडे जायचा, एक ढीग वसतिगृहात. एकतीस वर्षांत आम्ही काहीही दोन दोन घेतलं नव्हतं. एक कात्री, एक किसणी, एक घड्याळ. “कात्री तू घे,” ताई म्हणायची. “नको, तू घे, तुला लागेल,” मी म्हणायचे. मग कात्री दोन ढिगांच्या मध्येच राहायची.

दार उघडंच होतं. शिवणवाली दोन रिकामे खोके घेऊन आली. तिचंही सामान बांधायचं होतं, तरी ती आधी आमच्यासाठी खोके मागत फिरली होती.

“घ्या मावशी. आणखी लागले तर सांगा, दुकानदार देतो म्हणालाय.”

ताईने एक पोस्टर मांडीवर पसरलं होतं. कप त्यावर ठेवायचा तर ती बघतच बसली. “हरली बिचारी,” ती म्हणाली, “पण अजून भीती वाटते गं मला हिची.”

मला एकदम सहन होईना.

“ताई, ते डोळे मी केलेत.”

“म्हणजे?”

“तिचे डोळे तसे नाहीत. चांगले आहेत. दुकानात बसून मी ते तसे केले. मला सांगितलं होतं करायला, आणि मी केले. आपली खोली माझ्यामुळे गेली, ताई.”

वाटलं, आता ओरडेल. रडेल. हातातला कप फेकून मारेल. मी तयार होते, खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. भिंतीला हात लावत उठली आणि पोस्टर खिडकीच्या उजेडात धरलं.

“तू केलंस?”

“हो.”

“तुझ्या हाताने?”

“हो गं. कॉम्प्युटरवर, पण हातानेच.”

“अगं बाई! मग आधी नाही का सांगायचंस?” ताईचा सगळा चेहरा उजळला. “मी रोज बघत होते आणि मला कळलं नाही. कसलं काम आहे हे! अख्खं शहर घाबरलं की गं!” आणि ती दाराकडे वळली. “ऐकलंस का? आमच्या धाकटीने केलंय हे. एकटीने. कोणी कधी नाव घेतलं नाही तिचं.”

शिवणवालीच्या हातात खोके अजून तसेच होते. तिने पोस्टरकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. हजारो चेहरे मी मोठे करून, जवळ आणून, छिद्र न् छिद्र बघितलेत. तिच्याकडे मला बघता आलं नाही. तिने खोके खाली ठेवले, आवाज न करता.

“नवीन खोलीच्या अर्जाला फोटो लागतो,” ती म्हणाली. “उद्या तुमच्याकडेच येणार होते.”

“ये ना,” मी म्हटलं. “सकाळी ये, गर्दी नसते.”

“नको. स्टेशनवर ते मशीन आहे ना, तिथे काढीन.”

ती गेली. समोरचं दार लागलं. एरवी ते दिवसभर उघडं असतं.

“हिला काय झालं एकाएकी?” ताई म्हणाली.

त्या मशीनमधला दिवा थेट तोंडावर येतो. भल्या माणसाचाही चोर दिसतो त्यात. मान किंचित वळवून बस, हनुवटी वर घे, एवढं तरी उठून तिला सांगावं असं वाटलं. पण कुठल्या तोंडाने सांगणार? मी खाली बसले आणि गठ्ठ्यातला पुढचा कागद ओढला.

“ए, थांब,” ताई म्हणाली. तिच्या हातातलं पोस्टर मी कपासाठी घेईन असं तिला वाटलं असावं. तिने ते छातीशी धरलं. “हे नको वापरू. हे मी नेणार आहे भाच्याकडे.”

“ते कशाला नेतेस ताई?”

“असू दे गं. तुझ्या हातचं काहीतरी माझ्याजवळ असू दे.”

तिने त्याची नीट गुंडाळी केली, वरून दोरा बांधला आणि आपल्या पेटीत कपड्यांच्या वर ठेवली.